तिकटी मोकळी करताना : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२४, गुरुवार

जुन्या कोल्हापुरातली पेठ, पेठेतली तिकटी. टेप आणि वही घेऊन पहिली मोजणी. तीन रस्ते येऊन मिळतात आणि मधे त्रिकोणी मोकळी जागा. मोकळी म्हणायची एवढंच. मधोमध कमळाच्या आकाराचं कारंजं, बंद, तळाशी हिरवं पाणी. भोवती छातीपर्यंत येणारं लोखंडी ग्रिल, वर भाल्याची टोकं. ग्रिलला कुलूप; किल्ली कुणाकडे ते कुणालाच सांगता येईना. पश्चिमेला डिजिटल फलकांसाठी ठोकलेला सांगाडा, आज त्यावर तीन वाढदिवस आणि एक भावपूर्ण श्रद्धांजली. दक्षिणेच्या टोकाला पिंपळ, त्याच्या बुंध्याला चिकटेपर्यंत काँक्रीट. उत्तरेला तालीम. तालमीच्या दारातून बाहेर पडलं की पहिलं पाऊल दुचाक्यांच्या रांगेत.

तालमीने पालिकेला दिलेल्या अर्जात 'सदर जागा ओसाड पडून आहे' असं वाक्य आहे. लिहिणाऱ्याने ती रात्री नऊला बघितलेली नसावी. माणसं भरपूर असतात, फक्त सगळी ग्रिलच्या बाहेरच्या अरुंद कडेवर, कारंज्याकडे पाठ करून, पाय रस्त्यात सोडून बसलेली. सुशोभीकरण आत आणि पेठ बाहेर.

महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक आहेत, नगरसेवक नाहीत. त्यामुळे 'कुणाच्या फंडातून?' हा एरवी पहिला येणारा प्रश्न या खेपेला मागे पडलाय. त्याचा फायदा घ्यायचा.

१४ जानेवारी, रविवार

दिवसभर पिंपळाखाली बसून वेळा लिहिल्या.

पहाटे तालमीतली पोरं जोर-बैठका उरकून बाहेर येतात आणि अंग निवेपर्यंत उभी राहतात; बसायला जागा नाही म्हणून उभी. रविवार असल्याने शाळेच्या रिक्षा आज नव्हत्या, त्या उद्या बघायच्या. दुपारी सावली पूर्वेला सरकते आणि तिच्यामागोमाग एक रिक्षावाला आपली रिक्षा सरकवतो. संध्याकाळी चेंडू. कुठला खेळ हे कोल्हापुरात विचारायचं नसतं. चेंडू ग्रिलच्या आत गेला की सगळ्यात बारकं पोरगं भाल्यांवरून आत उतरवतात. सातनंतर निवृत्त मंडळी. नऊच्या सुमारास दूध कट्टा: मामा दोन म्हशी घेऊन येतात, पिंपळाला बांधतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात. अकराला म्हशी परत, शेण तिथंच.

बायका दिवसभर तिकटी ओलांडत होत्या. बसलेली एकही दिसली नाही.

२८ जानेवारी, रविवार

तालमीत बैठक. मागण्या आल्या त्या क्रमाने: कमान, ओपन जिम, कारंज्याला रंगीत दिवे, 'आय लव्ह' म्हणणारी मोठी अक्षरं, पार्किंग. पार्किंगवर आवाज चढले. "गाड्या काय डोक्यावर घिऊन झोपायचं काय?" हा प्रश्न खोटा नाही, गल्लीतल्या घरांना लावायला जागाच नाही. पण रांगेतल्या गाड्यांच्या सीटवर बोट फिरवलं तर निम्म्यांवर धुळीचा थर. त्या लावलेल्या नाहीत, टाकलेल्या आहेत. हे बोललो तेव्हा हशा पिकला आणि दोघांनी मान खाली घातली.

मागणी झालेली प्रत्येक गोष्ट मधल्या जागेत काहीतरी उभं करायची आहे. मधे काहीच नको, असं म्हणणारा एकच निघाला, मांडववाला. त्याला दरवर्षी कारंज्याला वळसा घालून मांडव घालावा लागतो.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठकीला बायका नव्हत्या, म्हणून आज पेठेतल्या आक्कांकडच्या हळदीकुंकवात नकाशा घेऊन गेलो. वाण घेऊन झाल्यावर अर्धा तास मिळाला आणि तेवढ्यात तालमीतल्या दोन तासांपेक्षा जास्त हाताला लागलं.

पहिलं म्हणजे पाठ. "माझ्या पाठीमागनं कोण चाललंय ते बघत बसायचं व्हय मी?" पाठीला भिंत पाहिजे आणि समोर येणारा-जाणारा दिसला पाहिजे. दत्ताच्या देवळाची बाहेरची भिंत तशी आहे, पण तिथं दुचाक्या. दुसरं, उजेड. हायमास्टचा, म्हणजे उंच खांबावरच्या दिव्यांचा, झोत मधे पडतो आणि कडेला तोंड ओळखू येत नाही इतका अंधार. कडेला उजेड द्या, मधला कमी चालेल. तिसरं माझ्या डोक्यात आलंही नसतं: चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे वाळवायला ऊन. गच्च्या भाडेकरूंकडे गेल्या. चौथं, स्वच्छतागृह. ते या जागेत बसत नाही आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तालमीच्या मागचं बायकांना दिवसा उघडं ठेवायचं, असं आक्काच अध्यक्षांना सांगणार आहेत. त्यांनी सांगितलं तर होईल.

२४ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार-रविवार चाचणी. वाहतूक शाखेची परवानगी हातात.

मूळ दुखणं असं: त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंनी गाड्या पळतात, म्हणून तो बेट झालाय. बेटावर कुणी जाऊन बसत नाही. तालमीकडची बाजू म्हणजे डावीकडे वळणाऱ्यांसाठी पूर्वी केलेली मोकळी पट्टी. वळण इतकं सैल की कुणी ब्रेकवर पाय ठेवत नाही. ही एक बाजू बंद केली की त्रिकोण तालमीला आणि देवळाला जोडला जातो आणि रस्ता न ओलांडता तिकटीत येता येतं.

पिंपं, वाळूची पोती, फक्कीच्या रेघा. मांडववाल्याने प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. कुठं ठेवायच्या ते मुद्दाम ठरवलं नाही. एका कोपऱ्यात चवड लावून सोडली. न्यूयॉर्कने २००९ च्या मे महिन्यात टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवेवरची वाहतूक बंद केली, तेव्हा असंच केलं होतं: आधी पिंपं आणि बागेतल्या घडीच्या स्वस्त खुर्च्या, दगडी काम नंतर. त्या खुर्च्यांवर टीका खूप झाली, पण माणसं बसली. त्याच शहरातल्या चौकांचं १९७० च्या दशकात कॅमेरे लावून निरीक्षण करणाऱ्या विल्यम व्हाइट यांचं म्हणणं होतं की माणूस हलती खुर्ची मिळाली की बसण्याआधी ती जराशी सरकवतो, गरज नसली तरी. आमच्याकडे सरकवली नाही, उचलून नेली. दुपारी सावलीत, पाचला देवळाच्या भिंतीला, रात्री दूध कट्ट्याभोवती गोल. हा नकाशा मी ड्रॉइंग बोर्डावर बसून काढू शकलो नसतो.

अडचणी: घंटागाडी वळताना दोनदा मागे-पुढे. पाण्याचा टँकर वळलाच नाही. रिक्षा स्टॉपवाल्यांचा दिवसभर राग, संध्याकाळी भिंतीशेजारची सावली त्यांना देऊ केल्यावर उतरला.

१६ मार्च, शनिवार

लोकसभेची आचारसंहिता लागली. प्रस्ताव कपाटात.

१९ मार्च, मंगळवार

आचारसंहितेने आमचं निम्मं काम फुकटात केलं. सगळे डिजिटल फलक उतरले, नुसता सांगाडा राहिला आणि त्यातून देवळाचा कळस दिसायला लागला. ज्यांना सांगाडा काढायचा नव्हता त्यातलाच एक आज म्हणाला, "आयला, बरं दिसतंय की." फोटो काढून ठेवलाय. पुढे वाद झाला तर हाच दाखवायचा.

१४ एप्रिल, रविवार

नकाशा पक्का करतोय. काढायचं ते आधी लिहिलं: कारंजं, ग्रिल, सांगाडा, पिंपळाभोवतीचं काँक्रीट, तालमीकडची पट्टी. ठेवायचं: पिंपळ, दूध कट्टा, हायमास्ट (काढायला परवानगी मिळणार नाही, दिवे कमी करता येतील). नवीन जे काही ते कडेला. देवळाच्या भिंतीला लागून दगडी कट्टा, साडेचारशे मिलिमीटर उंच, मांडी घालून बसता येईल इतका खोल. पिंपळाला पार. तालमीच्या बाजूला उभे-आडवे लोखंडी दांडे, वेगवेगळ्या उंचीचे. दांड्यांची कल्पना आल्डो व्हान आयक या डच वास्तुरचनाकाराची. १९४७ पासून त्याने अ‍ॅमस्टरडॅममध्ये पडीक कोपऱ्यांत सातशेहून जास्त खेळजागा केल्या, त्यात वाळूचा हौद, काँक्रीटचे ठोकळे आणि कोलांट्या घ्यायचे दांडे एवढंच असायचं. घसरगुंडीचा हत्ती नाही. मुलं दांड्याचं काय करायचं ते ठरवतात. आमच्या पोरांना ते शिकवायला नको, तालीम शेजारीच आहे.

मधे फक्त जमीन. ऐंशीला एक उतार. तिथं वर्षभरात काय काय येतं ते लिहून काढलं की वाद आपोआप संपतो: गणपतीचा मांडव, मोहरमच्या पंज्यांची भेट, आषाढात त्र्यंबोली देवीला पाणी घेऊन निघणाऱ्या बायका आणि पुढे पिपाणी-ढोलाचं पी ढबाक, दत्ताची पालखी, लग्नाची वरात, रंगपंचमी, कुरडया. यातलं एकही कारंज्याशेजारी मावत नव्हतं.

दगडाचा विचार चालू आहे. शहाबादी स्वस्त, पण झिजली की पावसाळ्यात घसरते. इथं जून ते सप्टेंबर पाऊस, वर म्हशीचं शेण. टाकी मारलेला काळा दगड हवा. मधे पैसे पुरले नाहीत तर ऐंशी मिलिमीटर जाडीचे पेव्हर (काँक्रीटचे ठोकळे), कारण मांडवाचा ट्रक आत येतो. साठचे टाकले तर पहिल्याच वर्षी खचतील.

७ मे, मंगळवार

मतदान. शाळेतल्या केंद्राची रांग पिंपळाच्या सावलीपर्यंत आली आणि मग सावली सोडून पुढे सरकेना.

२४ जून, सोमवार

आचारसंहिता संपली. अंदाजपत्रक विभागीय कार्यालयात दिलं. कामाला वेळ लागणार हे उघड आहे, पण कारंज्याचा प्रश्न डासांनी सोडवला. साचलेल्या पाण्यात अळ्या मिळाल्या. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडायला तयार होतो आणि त्याला स्वच्छ, साठलेलं पाणीच लागतं. पावसाने कारंजं धुऊन भरून ठेवलेलंच होतं. 'सुशोभीकरण पाडणे' या नावाखाली सही मिळाली नसती, 'डास उत्पत्तीस्थान नष्ट करणे' या नावाखाली आठवड्यात मिळाली. ग्रिलही त्यातच कापलं. किल्ली शेवटपर्यंत सापडली नाही.

खड्डा मुरुमाने भरून दाबला. कच्चं आहे, पण सपाट आहे.

१७ जुलै, बुधवार

यंदा आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकाच तारखेला. काल खत्तलरात्री पंजे तिकटीत भेटले, सकाळी नंदवाळला जाणारी दिंडी इथंच थांबून एक रिंगण करून गेली, संध्याकाळी पंजे पंचगंगेकडे. मधली जागा मोकळी मिळाल्याचं हे पहिलंच वर्ष. दिंडीतल्या टाळकऱ्यांनी जागा बघून ठरवून रिंगण धरलं. ते कुणाच्या कार्यक्रमात नव्हतं.

कामाच्या दृष्टीने: केबलच्या वायरी फार खाली. पंज्याची शिडीएवढी काठी दोनदा अडली. वायरी कडेने, भिंतीवरून न्यायला लागतील. पाराच्या पायरीवर म्हातारी माणसं बसणार हे दिसलं, म्हणजे पायरीची उंची दीडशे मिलिमीटरच्या वर नको.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटांच्या धोका पातळीच्या वर. तालमीची पोरं स्थलांतराच्या कामाला. तिकटीत पाणी येत नाही, म्हणून कपडे आणि शिधा इथं गोळा होतोय. पावसात मुरुमावर डबकी कुठं राहतात तिथं चुन्याऐवजी पिवळा रंग मारून ठेवला. उताराच्या नकाशात दोन ठिकाणी बदल.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, खासबाग मैदानाला लागून. आज केशवरावांची जयंती. तिकटीवर सकाळपासून दुसरा विषय नाही. कुणी तिथं नाटकात काम केलेलं, कुणी पडदे ओढलेले, एकाने नुसती सायकल स्टँडवर चिठ्ठी फाडलेली. आज मोजमाप नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. त्याआधी मांडव उभा राहतानाच खांबांची मापं घेतली, कारण दरवर्षीची कटकट खड्ड्यांची. रस्ता खोदून खांब पुरायचा, विसर्जनानंतर बुजवायचा राहतो, दंड भरायचा. त्यावर उपाय म्हणजे फरशीतच खांबासाठी पाइप पुरून ठेवायचे आणि वर झाकण.

मांडववाल्याने माझ्या ड्रॉइंगवर हात ठेवला आणि एकेक काढलं. पाइप बांबूच्या मापाचा नको, कारण बांबू कधी एका जाडीचा येत नाही. मोठा घ्या, लाकडी पाचर मारू. तळ बंद नको, पाणी भरेल आणि त्यात परत डास. तळ उघडा, खाली खडी. झाकण फरशीच्या वर नको, बायका ठेचकाळतील. फार खाली नको, माती भरून उघडणार नाही. आणि शेवटचं: "सायेब, सगळे समोरासमोर एका रेघेत घिऊ नका. डावीकडची रांग हातभर मागं घ्या, मिरवणुकीची ट्रॉली वळवायला लागती." ट्रॉलीचं वळण माझ्या नकाशात नव्हतंच. दीडशे मिलिमीटर व्यास, सहाशे खोल, डावी रांग मागे. ठरलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. काल कार्यादेश हातात, आज नारळ फोडला आणि लगेच तालमीकडच्या पट्टीवर कुदळ मारली. घाई एवढ्यासाठी की विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल. प्रत्यक्ष सुरू झालेलं काम चालू राहू शकतं, नुसतं मंजूर झालेलं नाही. ठेकेदाराला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

३० ऑक्टोबर, बुधवार

आचारसंहिता पंधरा तारखेलाच लागली. काम चालू.

खोदलेल्या मातीवर पोरांनी ताबा मिळवला आणि किल्ला केला. पन्हाळा म्हणतायत, तटबंदी माझ्या पेव्हरच्या तुकड्यांची आहे. दिवाळी होईपर्यंत तो ढीग उचलायचा नाही असं मुकादमाला सांगितलं. तोही कामगारांना चार दिवस गावाला सोडणारच होता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पिंपळाभोवतीचं काँक्रीट ब्रेकरने नाही, छिन्नी-हातोड्याने फोडलं. मुळं वर आलेली आहेत आणि एक मूळ तुटलं तर फांदी वाळायला पुढचा उन्हाळा पुरतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आम्ही जमेल तिथं दोन मीटर सोडली.

काँक्रीटखाली जुन्या पाराची कड निघाली. घडीव काळा दगड, एका बाजूने पूर्ण, बाकी कुणीतरी उपसून नेलेला. वडार मिस्त्रींनी दगडावर बोटं फिरवली आणि टाकीच्या खुणा बघून म्हणाले, असं काम आता करायला सांगितलं तर मजुरी परवडायची नाही. तरी नव्या दगडांना त्यांनी तीच तिरकी टाकी मारायला घेतली. जुनी कड जागेवरच ठेवली, नवा पार तिला जोडून. उंची जुन्या दगडाने ठरवली, माझे साडेचारशे गेले, चारशे वीस झाले. बसून बघितलं. बरोबर आहे.

८ डिसेंबर, रविवार

दूध कट्ट्याचा तिढा सुटला. देवळाकडच्यांचं म्हणणं, एवढा खर्च केल्यावर म्हशी कशाला. मामांचं म्हणणं, म्हैस डोळ्यांसमोर असते म्हणून तर गिऱ्हाईक येतं. मामांच्या बाजूने मी उघड उभा राहिलो. रात्री नऊ ते अकरा तिकटी जागी ठेवणारी हीच एक गोष्ट आहे आणि तिला कुणाचा निधी लागत नाही.

म्हशी पिंपळाला बांधायच्या नाहीत. दोर घासून साल गेलेली आहे. त्याऐवजी पूर्वेच्या कडेला दगडात बसवलेल्या दोन कड्या. तिथल्या फरशीला जास्त उतार, खाली गटारीच्या तोंडाला जाळी, शेजारी नळ. धुण्याची जबाबदारी मामांची, पाणी तालमीचं. कागद केला नाही, तालमीत सगळ्यांसमोर बोललं गेलं.

१९ जानेवारी २०२५, रविवार

फरशी संपली. उद्घाटन कुणाच्या हस्ते यावर एकमत झालं नाही, म्हणून झालं नाही. लोक आधीच बसायला लागले होते.

देवळाच्या भिंतीचा कट्टा दुपारनंतर बायकांचा झालाय. कुणी ठरवलं नाही, फलक नाही. शाळेच्या रिक्षांची वाट बघणाऱ्या आया पहिल्यांदा आल्या, मग बाकीच्या. दांड्यांवर संध्याकाळी पोरांची रांग. चेंडूवरून मात्र दोन भांडणं झाली. निवृत्त मंडळींना खेळ बंद हवाय. बंद होणार नाही. रबरी चेंडू आणि दिवेलागणीपर्यंत, इथवर तडजोड आली आहे.

एक नवी डोकेदुखी: मध्यरात्री भर तिकटीत वाढदिवस, केक बुलेटच्या सीटवर, फटाके. मोकळी जागा सगळ्यांनाच मोकळी असते. अकरानंतर हायमास्टचे उरलेले दिवेही बंद, फक्त कडेचे चालू, असं करून बघतोय. फोटो नीट येईनात म्हणून दोन टोळकी दुसरीकडे गेली.

२३ मार्च, रविवार

रंगपंचमीचा रंग काळ्या दगडावरून दोन पाण्यांत गेला, पेव्हरवर अजून आहे. देवळासमोर उन्हात बाजेवर पहिल्या कुरडया.

पाइपांची बिडाची झाकणं चोरीला जायला लागली, भंगारात किलोवर जातात. उरलेली काढून तालमीत ठेवली आणि मिस्त्रींकडून दगडाच्या चकत्या घडवून घेतोय, मधे उचलायला भोक. गाड्या अडवणाऱ्या, कुलूप काढलं की आत वाकणाऱ्या खांबाची किल्ली एकच आहे, ती तालमीत. रात्री अँब्युलन्स आली तर तालीम बंद असते. दुसरी किल्ली दूधवाल्या मामांकडे आणि तिसरी आक्कांकडे द्यायची. कुलूपवाल्याला मंगळवारी बोलावलंय.